फोराल : सनद कीं साक्ष ?

इ. स. १५२६ सालीं अफोंसो मेशिया यानें सिद्ध केलेला फोराल गोव्यांतील गांवकरींची सनद म्हणून गौरविला जातो. हा गौरव आम्हांस अर्धाच मान्य आहे. गांवकार हेच गांवाचे मूळ वसाहतकर्ते व कारभारी होत, हें नव्या राज्यकर्त्यांनीं त्यांत कबूल केलें, हें त्याचें मोल खरेंच. परंतु मेशिया हा खजिन्याचा अधिकारी होता. त्याची नजर प्रथम साऱ्याकडे जाते. गांवकरी फोरालानें निर्माण झाली नाहीं. फोरालानें ती केवळ नोंदविली.

फिलिप नेरी शाव्हियेर यांनीं १८५२ सालीं प्रसिद्ध केलेला गांवकरींचा इतिहास परिश्रमपूर्वक लिहिलेला आहे. तथापि तिसवाडी, साष्टी व बारदेश एवढीच त्याची कक्षा. नव्या काबिजादींतील गांव तींत येत नाहींत.

ही उणीव केवळ पंडितांपुरती नाहीं. १९६१ चें कोमुनिदाद-कोड, १९६४ चा कूळकायदा व त्याची १९७६ ची पांचवी दुरुस्ती यांमुळें गांवकार आणि कसणारा कूळ कोर्टांत समोरासमोर उभे राहिले. अशा वेळीं साऱ्याची नोंद हीच मालकीची सनद मानली, तर नोंदींत नसलेला राबता हात पुसला जातो.

म्हणून फोराल साक्ष म्हणून वाचावा. आणि साक्षीदाराची उलटतपासणी करावी, पूजा नव्हे.