आकडी-कोयता : कमरेच्या पात्याच्या रचनेचे मूल्यमापन

नाशिक जिल्ह्याच्या पेठ, सुरगाणा या पश्चिमेकडील तालुक्यांत आदिवासी शेतकऱ्याच्या कमरेला मागे आकडी आणि तीत कोयता आढळतो. हे पाते हत्यार की अवजार, हा प्रश्न केवळ शब्दाचा नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती शस्त्रांत मोडतात. मात्र घरगुती वा शेतीकामासाठी घडविलेली पाती त्यांतून वगळली आहेत. मापाने अनेक कोयते ही मर्यादा ओलांडतात. म्हणजे निर्णय अखेर रचनेवर येतो.

शिकारीच्या चाकूला भोसकण्यासाठी अणकुचीदार टोक आणि कातडे सोलण्यासाठी बाहेरगोल धार लागते. कोयत्याची धार पात्याच्या आतल्या बाकास असते. राबासाठी फांदी तोडताना ती बाकात धरली जाते व घाव निसटत नाही. वजन पुढच्या भागात अधिक असल्याने घावास जोर येतो. आकडीमुळे झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे राहतात. शिवाय बंद म्यानाप्रमाणे तीत पावसाचे पाणी साचत नाही.

ही रचना निर्दोष मात्र नाही. धार उघडी राहत असल्याने तोल गेल्यास इजेचा धोका संभवतो.

गुन्ह्यांच्या बातम्यांनी ‘कोयता’ हा शब्द दहशतीचा केला आहे. कोणत्याही अवजाराचा दुरुपयोग होऊ शकतो, हे खरेच. परंतु त्याचा दोष कृत्याकडे जातो, घडणीकडे नव्हे. कोयत्याची घडण शेतीचीच साक्ष देते, आणि कायद्याने विचारलेल्या प्रश्नाचे तेच उत्तर होय.