लेण्यातला ‘महारवाडा’ आणि गाईडची जीभ

दगड स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीने कुणीतरी बोलते. संग्रहालयातील मूर्तीपुढे किंवा लेण्याच्या दारात उभा असलेला गाईड हा केवळ वाट दाखविणारा नोकर नसतो. कुठे थांबायचे, काय पाहायचे आणि काय न पाहता पुढे सरकायचे, हे तोच ठरवितो. ग्रंथांची समीक्षा आपण करतो. रोज शेकडो कानांवर पडणाऱ्या या तोंडी संहितेची समीक्षा मात्र कुणी करीत नाही. ती करणे मला अगत्याचे वाटते.

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी इतिहास शिकवितो. माझ्या वर्गातील बरीच मुले माझ्यासारखीच घरातली पहिली शिकणारी. त्यांच्या दृष्टीने सहल ही मौज नसते; छापील पुस्तकाबाहेरच्या इतिहासाशी होणारी ती पहिली, आणि पुष्कळदा शेवटची, भेट असते. म्हणून त्या दोन तासांत त्यांच्या कानावर काय पडते, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

वेरूळचे उदाहरण घेऊ. तेथील क्रमांक दिलेल्या 34 लेण्यांपैकी 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 ब्राह्मणी आणि 30 ते 34 जैन आहेत. मी पाहिलेल्या गाईडांचा बहुतेक वेळ सोळाव्या, म्हणजे कैलास लेण्यात जातो. बौद्ध लेण्यांच्या वाट्याला उरलेला वेळ येतो, आणि तोही दहाव्यापुरताच. दक्षिण टोकाकडच्या लेण्यांच्या वाट्याला फक्त नावे येतात.

ही नावे साधी नाहीत. दक्षिणेकडच्या या बौद्ध समूहाला लोक ‘ढेडवाडा’ म्हणत आणि पाचव्या लेण्याला ‘महारवाडा’. जेम्स बर्जेस यांच्या एकोणिसाव्या शतकातील लेखनात ही नावे नोंदलेली आहेत. एका गाईडने ‘महारवाडा’ हा शब्द हसून उच्चारला आणि तो पुढे चालू लागला. दुसऱ्या वर्षीच्या गाईडने तो सभ्यपणे गाळला. माझ्या एका विद्यार्थ्याने तो पुस्तकात वाचलेला होता. तो हळूच म्हणाला, “सर, इथंही आपला वाडा टोकालाच काय?” गाईडजवळ उत्तर नव्हते. हसणारा काय आणि गाळणारा काय, दोघांनीही तो प्रश्न जन्मालाच येऊ नये अशीच व्यवस्था केली होती.

कुशल गाईड काय करील? तो मुलांना त्या लांबट दालनात नेईल. जमिनीलगत कोरलेल्या दोन लांब दगडी बाकांपाशी थांबवील आणि विचारील : येथे कोण बसत असतील? कशासाठी? भोजनासाठी की सामूहिक पठणासाठी, असे तर्क अभ्यासकांनी केले आहेत, हे तो मागाहून सांगेल. मग विचारील : भिक्खूंच्या या जागेला गावाने हे नाव का दिले असेल? बाबासाहेबांनी 1948 च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये अस्पृश्यतेचा उगम बौद्ध धर्म न सोडणाऱ्या समूहांशी जोडला. एका नावाने तो सिद्धान्त सिद्ध होत नाही, हेही तो प्रामाणिकपणे सांगेल. पण विसरलेल्या बुद्धाला आणि वेशीबाहेर टाकलेल्या माणसाला एकच नाव मिळाले, हा पुरावा डोळ्यांआड करण्याजोगा खास नाही.

दहाव्या लेण्याची गोष्ट याच जातीची. छतावर लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्या आहेत. म्हणून लोकांनी त्याला ‘सुतार की झोपडी’ म्हटले, आणि आतल्या बुद्धाला सुतार विश्वकर्मा म्हणून पूजत. लोकनाव हे निव्वळ अज्ञान नसते. त्यात श्रमिकाची नजरही असते. नाव खोडणे सोपे असते. ते वाचून दाखविणे हे कौशल्य असते.

1934 साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहावयास निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी तळ्यावर हातपाय धुतले म्हणून तळे बाटल्याची ओरड झाली, आणि त्या ओरडीत ‘ढेड’ हाच शब्द होता. अखेर किल्ला पाहू दिला तो एक सशस्त्र शिपाई सोबत देऊन. पाण्याला कुणी शिवू नये, एवढेच त्याचे काम. आपल्या आत्मकथनपर टिपणांत त्यांनी हे लिहिले आहे. आपल्याला लाभलेला ‘गाईड’ असाही होता! आज शिपाई नाही. पण प्रश्नाला शिवू न देणारा गाईड तेच काम मऊ हाताने करतो.

अमेरिकेतील फ्रीमन टिल्डन यांनी 1957 साली मांडले की, स्थळाचा अर्थ सांगणाऱ्याचे मुख्य काम माहिती देणे नसून विचाराला चेतविणे हे आहे. ही कसोटी आपण आपल्या माणसांनाही लावली पाहिजे. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जतन केल्या आहेत. तेथे नुसते हात जोडून परतणारा विद्यार्थी दर्शन घेऊन येतो, शिक्षण घेऊन नव्हे. कोटासमोर उभे राहून, हा पोशाख करणे हे एका समाजासाठी बंड का होते, असे विचारणारा कुणी तेथेही हवा.

गाईडला परवाना देताना सनावळी तपासा. पण तो प्रश्न विचारू देतो का, हेही तपासा. आणि आमच्या महाविद्यालयांतून निघणाऱ्या, नोकरीच्या रांगेत उभ्या असलेल्या इतिहासाच्या पदवीधरांनी या कामाकडे हलके म्हणून पाहू नये. वेरूळचा ‘महारवाडा’ समजावून सांगण्याचा अधिकार, तो वाडा ज्यांनी जगून पाहिला त्यांच्या मुलांनीही अभ्यासाने मिळविला पाहिजे.