सुटकेचें खरें नाट्य

इतिहासावर आधारलेल्या कलाकृतीनें इतिहासाशीं किती इमान राखावें, हा वाद आपल्याकडे ऐतिहासिक नाटकांच्या निमित्तानें पुष्कळ झाला आहे. तपशील बदलण्याची मुभा कलावंताला असावी, हें आम्हांस मान्य आहे. परंतु बदलामुळें घटनेचा अर्थच पालटत असेल, तर टीकाकारानें स्वस्थ बसूं नये. बेन ॲफ्लेक यांचा २०१२ सालचा, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर मिळविणारा 'आर्गो' या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे.

४ नोव्हेंबर १९७९ रोजीं इराणी विद्यार्थ्यांनीं तेहरानमधील अमेरिकन वकिलात ताब्यांत घेतली. त्या गोंधळांत सहा जण निसटले, कॅनडाचे राजदूत केन टेलर व त्यांचे एक सहकारी यांच्या घरीं दडून राहिले आणि जानेवारी १९८० मध्यें चित्रपटमंडळीचें सोंग घेऊन देशाबाहेर पडले. चित्रपटाचें कथानक तें हेंच. वकिलातींत कागदपत्रें नष्ट करण्याची धांदल दाखविणारा आरंभ इतका जिवंत उतरला आहे कीं, प्रेक्षकाचा श्वास कोंडतो. ही शक्ति आम्ही मुक्तकंठानें मान्य करतों.

पण धावपट्टीवर विमानामागें धावणाऱ्या गाड्या केवळ कल्पित आहेत. ब्रिटिशांनीं या सहा जणांस परत पाठविलें, असें सुचविणारें संभाषणहि अन्यायाचें आहे; त्यांनीं आश्रय दिला होता. हे दोष क्षम्य मानले तरी मोठा दोष उरतोच. सहा जण सुटले तेव्हां पन्नासाहून अधिक माणसें कैदेंतच होतीं. एप्रिल १९८० मधील लष्करी मोहीम फसून आठ अमेरिकन सैनिक प्राणांस मुकले. मे महिन्यांत आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल इराणविरुद्ध लागला. तोहि निष्फळ ठरला. जेथें शस्त्र व न्याय दोन्ही हरले, तेथें अल्जीरियाची मध्यस्थी फळास आली.

नाट्य हवें तर तें येथें होतें. उभय पक्ष एकमेकांचें तोंड पाहावयास राजी नव्हते. म्हणून करार अल्जीरियाच्या घोषणेच्या रूपानें झाला. इराणचे गोठविलेले सुमारे आठ अब्ज डॉलर बँक ऑफ इंग्लंडमध्यें अल्जीरियाच्या मध्यवर्ती बँकेच्या नांवें ठेवावयाचे, आणि ओलीस इराणबाहेर पडल्याची ग्वाही अल्जीरियानें दिल्यावरच ते पुढें द्यावयाचे. परस्परांवर काडीचाहि विश्वास नसलेल्या दोघांनीं तिसऱ्याच्या शब्दावर विसंबावें, याहून मोठा पेचप्रसंग कोणता नाटककार कल्पील? २० जानेवारी १९८१ रोजीं, ४४४ दिवसांनीं, रेगन यांच्या शपथविधीनंतर कांहीं मिनिटांतच बावन्न जण सुटले.

चित्रपटाच्या अखेरीस कार्टर यांच्या आवाजांत शांततेनें झालेल्या सुटकेचा उल्लेख येतो. ती शांतता कोणीं व कशी घडविली, हें मात्र प्रेक्षकाला उमगत नाहीं. सोंग वठविणारा हेर नायक होतो आणि निरोप्याचें जोखमीचें काम करणारा पडद्याआडच राहतो. या मध्यस्थीचे एक प्रमुख, अल्जीरियाचे परराष्ट्रमंत्री मोहम्मद बेनयाहिया, १९८२ च्या मे महिन्यांत इराण व इराक यांच्यांत समेट घडवावयास निघाले असतां विमानांतच मृत्यु पावले. तें विमान पाडण्यांत आलें होतें. अशा पुरुषाचें चरित्र कलेस निरस वाटावें, हा त्या चरित्राचा दोष नव्हे. धीरानें, शब्द तोलून मिळविलेल्या यशांत रस घेण्याची संवय जी कला प्रेक्षकाला लावीत नाहीं, ती त्याला पुढल्या प्रसंगीं पुन्हां शस्त्राकडेच पाहावयास शिकविते. आमची तक्रार आहे ती एवढीच, आणि ती लहान नाहीं.