सांधा गेला, ठसा राहिला

गिम्प या मोफत चित्रसंपादन प्रणालीत छायाचित्रापासून बिनसांध्याची फरशी करून देणारी ‘टाइल सीमलेस’ ही तयार आज्ञा आहे. खडीचा फोटो घेऊन आम्ही ती वापरून पाहिली. सांधा नाहीसा झाला खरा, पण खडेही धूसर, दुहेरी झाले; कारण ही आज्ञा मूळ चित्रात त्याचीच सरकवलेली प्रत मिसळते. आत काय घडले, हे विद्यार्थ्याला कळतच नाही.

वर्गासाठी आम्हाला ‘ऑफसेट’ कितीतरी मोलाची वाटते. ४०० पिक्सेल रुंदीचे चित्र २०० ने उजवीकडे सरकवा. बाहेर पडणारा भाग डावीकडून आत येऊ द्या. शून्य क्रमांकाचा स्तंभ २०० वर जातो, ३९९ चा १९९ वर. घड्याळातलीच बेरीज ही! आता दोन्ही कडांना मूळचे शेजारी, २०० आणि १९९, आले. म्हणून फरशीला फरशी आपोआप जुळते. उभ्या दिशेनेही तसेच करा. न जुळणारे सारे मधोमध अधिकच्या चिन्हासारखे उमटते. ते ‘क्लोन’ने हाताने बुजवायचे.

मग नऊ फरशा मांडून पाहा. एखादा पांढराशुभ्र खडा दर ४०० पिक्सेलना डोळ्यांत खुपतो. तो दोन्ही आज्ञांना दिसत नाही. मुलांना चटकन दिसतो.