सेत्सुबाईंनी सांगितलेलं घर

परदेशी प्राध्यापक आपल्याकडच्या एखाद्या शहरात चार वर्षं राहून पुस्तक लिहितो, तेव्हा त्यात देऊळ असतं, बाजार असतो, विद्यार्थी असतात. चूल मात्र नसते. चहा येतो, पण तो कुणी केला ते कळत नाही. म्हणून लाफ्काडिओ हर्न वाचायचा असेल तर त्याच्या बायकोच्या आठवणी शेजारी ठेवूनच वाचा, असं मी मैत्रिणींना सांगत असते.

हर्न 1850 सालचा. आई ग्रीक, बाप आयरिश. लहानपणीच एक डोळा गेलेला. अमेरिकेत वर्तमानपत्रांत काम करून तो 1890 मध्ये जपानला गेला आणि मात्सुए नावाच्या लहान शहरात इंग्रजीचा मास्तर झाला. पुढे कुमामोतो, आणि 1896 ते 1903 टोकियोच्या विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा अध्यापक. 1894 मध्ये आलेल्या ‘ग्लिम्प्सेस ऑफ अनफॅमिलियर जपान’ या त्याच्या पुस्तकात इंग्रजी शिक्षकाच्या रोजनिशीचं एक प्रकरण आहे. मुलांचे निबंध, त्यांची आजारपणं, दोघांचे अकाली मृत्यू, हे सारं त्यानं इतक्या मायेनं लिहिलंय की वाचताना गळा दाटतो. परक्या गावाला नावं ठेवायला तो आलेला नाही, हे पानोपानी जाणवतं. हा त्याचा मोठाच गुण.

पण या घरात बाई आहे, ती बोलते, हे आपल्याला कळतं ते सेत्सु कोइझुमींकडून. 1868 चा जन्म, सामुराई घराणं, पण काळ बदलला तशी घरची पार वाताहत झालेली. नवरा 1904 मध्ये वारल्यावर त्यांनी आठवणी सांगितल्या, एका नातलगानं लिहून घेतल्या. 1914 मध्ये त्या हर्नच्या चरित्रात आल्या, 1918 मध्ये इंग्रजीत. पुस्तक इवलंसं. भाषा तर अगदी ओसरीवर बसून सांगितल्यासारखी.

त्यात काय आहे? मात्सुएच्या बागेत बेडकांमागे साप लागायचा, तर हा माणूस आपल्या ताटातलं सापाला घालायचा, बेडूक वाचावेत म्हणून. पोरं मांजराचं पिल्लू पाण्यात बुडवत होती. सेत्सुबाईंनी ते सोडवून आणलं, आणि त्यानं ते ओलंचिंब पिल्लू तसंच छातीशी धरलं. टोकियोत शेजारच्या देवळातली जुनी झाडं तोडली, तर घरात कुणी गेल्यासारखा तो बसून राहिला. आपल्या माणसांना हे वाचून वाटेल, अरे, हा तर आपलाच! थांबा. त्याच सेत्सुबाई सांगतात की त्याला बीफस्टेक फार आवडायचं. त्यांनी ते लपवलं नाही, सारवासारवही केली नाही. ‘कोत्तो’ या त्याच्या पुस्तकात पिंजऱ्यातल्या गाणाऱ्या किड्यावर एक लेख आहे. घरातल्यांच्या हयगयीनं तो किडा उपाशी मेला, स्वतःचेच पाय खाऊन. हर्न मोलकरणीवर रागावतो, स्वतः हळहळतो. पिंजरा घरात आला कशाला, हा प्रश्न मात्र माझ्या मनातून जात नाही. जीवदया आणि जीव लावणं यांत अंतर आहे, ते इथं नेमकं दिसतं. तरी बीफस्टेकसाठी त्याला आपल्या पंगतीतून उठवू नये, आणि बेडकासाठी जैनही ठरवू नये.

आता मुख्य मुद्दा. ‘क्वायदान’ हे हर्नचं सगळ्यांत गाजलेलं पुस्तक, भुताखेतांच्या जुन्या कथांचं. जपानी पुस्तकं त्याला सरळ वाचता येत नव्हती. सेत्सुबाई जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालायच्या, कथा वाचायच्या, आणि रात्री दिव्याची वात बारीक करून त्याला सांगायच्या. हातात पुस्तक घ्यायचं नाही, तुझ्या शब्दांत, तुला वाटलं तसं सांग, हा त्याचा आग्रह. दोघांची मोडकीतोडकी घरगुती जपानी, बाहेरच्याला न कळणारी. म्हणजे कथा आधी तिच्या तोंडी घडली, मग त्याच्या कागदावर. आता त्या पुस्तकाची प्रस्तावना काढून बघा. तिथं जुन्या ग्रंथांची नावं आहेत. एक कथा सांगणाऱ्या शेतकऱ्याचा, त्याच्या गावासकट, उल्लेख आहे. बायकोचा नाही.

त्याचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणत नाही. त्या वेळच्या कायद्यानं परदेशी माणसाशी रीतसर लग्न केलं की बाईचं जपानी नागरिकत्व जायचं. ते होऊ नये, बायकामुलांना वारसा मिळावा म्हणून 1896 मध्ये तोच जपानी झाला, सासरचं नाव घेतलं. किती पुरुष असं करतील? पण मी शिकलेली असते तर तुम्हाला जास्त उपयोगी पडले असते, असं सेत्सुबाई म्हणाल्या, तेव्हा त्यानं त्यांना हाताला धरून आपल्या पुस्तकांच्या कपाटाशी नेलं. ही सगळी तुझ्यामुळं झाली, आणि तू शिकलेली असतीस तर या भुतांच्या गोष्टींना हसली असतीस, असं त्याचं म्हणणं. सेत्सुबाईंना ते गोड वाटलं. मला त्यात गोडवाही दिसतो आणि सोयही. कपाटाशी नेलंस बाबा, पण पहिल्या पानावर का नाही नेलंस?

सेत्सुबाईंच्या आठवणींतही उणीव आहे. चार मुलं, म्हातारी माणसं, नवऱ्याचे लहरी दिवस, यांत त्या कधी दमल्या, त्यांना स्वतःला काय हवं होतं, ते जवळपास येतच नाही. नवऱ्याला फ्रॉककोट घालायला लावताना किती विनवण्या कराव्या लागायच्या, एवढंच हसत सांगतात. आपल्याकडच्या बायका आठवणी सांगायला बसल्या की अशाच ‘ह्यांच्या’ आठवणी सांगतात.

आपल्या घराघरांतून व्रतांच्या कथा आज्यांनी तोंडी सांगून जपल्या. आता कुणी प्राध्यापक येतात, रेकॉर्ड करून नेतात, चांगलंच करतात. मात्र पुस्तक हातात आलं की आधी प्रस्तावना वाचा, आणि सांगणारीचं नाव आहे का ते बघा.