जातो म्हणणारा आल्सेस्त

सभा सोडून जाणे आणि आपण सभा सोडून जात आहोत असे उभे राहून सांगणे, या दोन क्रिया वरवर एकच वाटल्या तरी त्यांचे हेतू निराळे असतात. नोकरीनिमित्त परप्रांतात राहिलेल्या मराठी माणसाला हा भेद समजावून सांगण्याचे कारण नाही. बदलीचा हुकूम आला की सामान बांधले जाते, मंडळात छोटासा निरोप समारंभ होतो, हार-नारळ दिला जातो आणि चार वर्षे रोज भेटणारा माणूस दुसऱ्या गावी निघून जातो. त्याच्या जाण्यात कोणावर आरोप नसतो. याच्या उलट, गावात राहूनच मंडळातून जाणारा सभासद असतो. गणेशोत्सवाच्या हिशेबावरून, नाटकाच्या निवडीवरून, क्वचित केवळ मानापमानावरून तो वार्षिक सभेत उभा राहतो, दीर्घ निवेदन वाचतो आणि या मंडळाची पायरी पुन्हा चढणार नाही असे जाहीर करतो. निवेदन संपल्यावर मात्र तो दाराशी क्षणभर थांबतो. हे थांबणे कशासाठी असते? या प्रश्नाचा जितका बारकाईने विचार एका फ्रेंच नाटकात झालेला आहे, तितका तो अन्यत्र क्वचितच झाला असेल. ते नाटक म्हणजे मोलियरचे ‘ल मिझांथ्रोप’, अर्थात ‘मनुष्यद्वेष्टा’.

मराठी रंगभूमीला मोलियर परका नाही. हरिभाऊ आपट्यांचे ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ आणि अत्र्यांचे ‘कवडीचुंबक’ ही त्याच्याच नाटकांवर बेतलेली आहेत. देवलांच्या ‘संशयकल्लोळा’चे मूळही मर्फी या इंग्रजी नाटककाराच्या वाटेने मोलियरच्या एका प्रहसनापर्यंत जाते. परंतु ‘मनुष्यद्वेष्टा’ हे नाटक या पंक्तीत सहज बसत नाही. ४ जून १६६६ रोजी पॅरिसच्या पाले रॉयाल नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला. नायक आल्सेस्तची भूमिका स्वतः मोलियरने केली होती. या पाच अंकी पद्यनाटकात घटना अशा फार थोड्या आहेत. एक सरळ, सत्यप्रिय आणि तापट गृहस्थ समाजाच्या खोटेपणाला विटलेला आहे. तो समाज सोडून निर्जन स्थळी जाण्याची भाषा पहिल्या अंकात करतो आणि पाचव्या अंकाच्या अखेरीस खरोखर निघतो. मधला सारा वेळ तो जातो म्हणत असतो आणि जात नसतो. या न जाण्यातच नाटकाचे मर्म आहे.

सर्वप्रथम स्थळाचा विचार करावा. संपूर्ण नाटक सेलिमेन नावाच्या वीस वर्षांच्या विधवेच्या घरी घडते. पॅरिसमधील रिकामटेकडे सरदार तेथे जमतात, गैरहजर माणसांची टवाळी करतात आणि एकमेकांच्या तोंडावर स्तुती करतात. आल्सेस्तला ज्या ज्या गोष्टींचा तिटकारा आहे, त्या सर्व या एका दिवाणखान्यात एकवटलेल्या आहेत. आणि हा दिवाणखाना सोडून आल्सेस्त आपल्याला दुसरीकडे कोठेही दिसत नाही. कारण उघड आहे. त्याचे सेलिमेनवर प्रेम आहे. ज्या समाजाचा तो द्वेष करतो, त्या समाजाची राणीच त्याला हवी आहे.

दुसऱ्या अंकात मोलियरने हा विरोध फारच मार्मिकपणे दाखविला आहे. पाहुणे येताना पाहून आल्सेस्त ‘मी जातो’ असे म्हणतो. सेलिमेन त्याला थांबावयास सांगते, तो नाकारतो. ती आग्रह धरते. तो अधिकच ताठरतो. शेवटी ती कंटाळून त्याला खुशाल जावयास मोकळीक देते. पाहुणे येऊन बसतात, आणि सेलिमेनला दिसते की गृहस्थ अद्याप तेथेच आहेत! थांबण्याचा आग्रह होता तोवर जाणे त्याला शक्य वाटत होते. आग्रह संपताच ते अशक्य झाले. पुढे तर आपणांखेरीज सर्व निघून गेल्याविना आपण हलणार नाही, असा हट्ट तो धरतो. अखेर त्याला तेथून उठवतो तो शिपाई. सरदारांच्या मानापमानाचे तंटे मिटविणाऱ्या मार्शलांच्या न्यायासनाने त्याला बोलावणे पाठविलेले असते. स्वेच्छेने जाण्याची इतकी घोषणा करणारा माणूस शेवटी हुकुमाने जातो.

हे पाहून आल्सेस्त दांभिक आहे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण ते चूक होईल. त्याच्या जाण्याच्या भाषेमागची कारणे मोलियरने एकेक करून दाखविली आहेत.

पहिले कारण त्याने आरंभीच, आपला मित्र फिलिंत याच्याजवळ बोलून दाखविलेले आहे. फिलिंतने कोणा एकाला कडकडून मिठी मारली, आणि तो माणूस जाताच त्याचे नावसुद्धा त्याला धड आठवेना. आल्सेस्त यावर संतापतो. जो सर्वांचा मित्र आहे तो माझा मित्र नव्हे, मला इतरांपासून वेगळे ओळखले गेले पाहिजे, असे त्याचे म्हणणे आहे. ही मागणी क्षुद्र नाही. प्रत्येकाला सारखाच वाटला जाणारा आदर हा आदर नसतोच. परंतु ज्याला आपण वेगळे ओळखले जावे असे वाटते, त्याला ओळखणारे लोक हवे असतात. अरण्यात वेगळेपणाला अर्थ नाही.

दुसरे कारण त्याच्या खटल्यात दिसते. त्या काळी न्यायाधीशांच्या घरी जाऊन आर्जव करण्याची रीत होती. आल्सेस्त ते करावयाचे नाकारतो आणि खटला हरतो. फिलिंत त्याला वरच्या न्यायालयात जाण्याचा सल्ला देतो, पण आल्सेस्तला तो निकाल बदलावयाचा नाही. वीस हजार फ्रँक गेले तरी चालतील. त्या किंमतीत मनुष्यजातीच्या अन्यायावर मनसोक्त आग पाखडण्याचा हक्क आपण विकत घेतला, असा त्याचा हिशेब आहे. हरलेल्या खटल्याचे त्याने प्रमाणपत्र करून घेतले आहे. समाजातून वाजतगाजत बाहेर पडणाऱ्या बहुतेकांजवळ असे एखादे प्रमाणपत्र असते. अन्याय दूर व्हावा यापेक्षा तो शाबीत राहावा, याची त्यांना अधिक निकड वाटते.

तिसरे कारण सर्वांत हळवे आहे. पाचव्या अंकात आपला निश्चय झाला असे आल्सेस्त सांगतो. पण निघण्यापूर्वी त्याला सेलिमेनचे मन जाणून घ्यावयाचे आहे. म्हणजे त्याचे जाणे ही एक परीक्षा आहे. मी निघालो तर कोण अडवील, कोण बरोबर येईल, हे त्याला पाहावयाचे आहे. आपल्याकडे हा प्रकार अपरिचित नाही. कैकेयी रुसली ती कोपभवनात गेली, आणि कोपभवन हे राजवाड्यातच असते. दशरथाला तेथपर्यंत चालत येता आले पाहिजे. लग्नात रुसलेले व्याही मांडवाबाहेर जाऊन बसतात, गाडी जोडून गावी निघून जात नाहीत. रुसवा ही नात्यातील बोलण्याचीच एक तऱ्हा आहे, आणि आल्सेस्तचे निर्जन स्थळ हे पुष्कळ अंशी त्याचे कोपभवन आहे.

येथवर वाचून असे वाटेल की मोलियर केवळ आल्सेस्तची थट्टा करीत आहे. रूसोला तसेच वाटले होते. १७५८ साली द’आलांबेरला लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध पत्रात त्याने मोलियरवर असा आरोप केला की, एका सद्गुणी माणसाला त्याने हास्यास्पद केले. खरा मनुष्यद्वेष्टा सार्वजनिक दुर्गुणांवर सदैव संतप्त आणि स्वतःवर झालेल्या अन्यायाविषयी सदैव शांत असावयास हवा. मोलियरचा नायक मात्र स्वतःच्या दुःखाने पेटतो. टीका म्हणून हा विचार खोल आहे यात शंका नाही. परंतु रूसोचा स्वतःचा इतिहास त्याच्या शेजारी ठेवून पाहावा. १७५६ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या साहित्यिक वर्तुळाला कंटाळून तो मोंमोरांसीच्या वनाजवळ राहावयास गेला. ते घर त्याच वर्तुळातील एका श्रीमंत बाईंनी दिलेले होते आणि पॅरिसहून भेटीस येणे अवघड नव्हते. पुढल्या वर्षी दिदरोच्या एका नाटकात, एकटा राहतो तो दुष्टच, अशा अर्थाचे वाक्य आले आणि रूसोने ते स्वतःवर घेतले. त्यानंतर, ज्या पत्रात त्याने आल्सेस्तची बाजू मांडली त्याच पत्राच्या प्रस्तावनेत, एक लॅटिन धर्मवचन टिपेत देऊन त्याने दिदरोशी असलेली मैत्री संपल्याचे जगजाहीर केले. नाव घेतले नव्हते, पण जाणत्यांना ते कळले. स्वतःवरील अन्यायाविषयी शांत राहावे असे सांगणाऱ्या पुस्तकाच्या दारावरच स्वतःच्या दुखावलेल्या मैत्रीची पाटी लावलेली होती! मोलियरने ९२ वर्षांपूर्वी रंगविलेला माणूस त्याच्या टीकाकाराच्या रूपाने अवतरला, असेच म्हणावे लागते. सार्वजनिक दुर्गुण आणि खाजगी जखम ही इतकी सहज वेगळी करता येत नाहीत. माणूस तत्त्वासाठी उठतो हे खरे, पण नेमका आजच का उठला याचे उत्तर बहुधा जखमेत असते.

याचा अर्थ प्रत्येक जाहीर निर्गमन हा रुसवाच असतो असा मात्र नव्हे. १९५६ च्या जुलै महिन्यात मुंबईच्या प्रश्नावरून चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले आणि लोकसभेत आपली भूमिका मांडली. त्या निवेदनालाही श्रोते होतेच. पण ते पद त्यांनी खरोखर सोडले होते, आणि नंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कामाला लागले. तेथे निवेदन हे कृतीचे स्पष्टीकरण होते. आल्सेस्तच्या बाबतीत निवेदन हीच बराच काळ एकमेव कृती असते. कसोटी आवाजाची नसून, बोलून झाल्यावर माणूस कोणत्या कामाकडे वळतो, ही आहे.

आता नाटकाच्या अखेरीकडे वळावे. सेलिमेनने निरनिराळ्या प्रियकरांना लिहिलेली पत्रे सर्वांदेखत वाचली जातात. प्रत्येकाची तिने दुसऱ्याजवळ टवाळी केलेली असते. दुखावलेले सरदार एकेक टोमणा मारून निघून जातात. यांतील प्रत्येकाचे जाणे छोटेसे नाटक आहे, आणि त्यांपैकी एकाच्याही जाण्याने काही बिघडत नाही. आल्सेस्त मात्र मागे राहतो. तो तिला क्षमा करावयास तयार आहे. अट एवढीच की तिने त्याच्याबरोबर निर्जन स्थळी यावे. विसाव्या वर्षी एकांताची भीती वाटते, असे ती सांगते. लग्नाला ती तयार आहे, वनवासाला नाही. तो तिला नाकारतो, आणि सेलिमेन निघून जाते. जाताना तिच्या तोंडी मोलियरने एकही शब्द घातलेला नाही.

साऱ्या नाटकात सर्वांत गंभीर निर्गमन हेच आहे, असे मला वाटते. ज्या घरात सगळे बोलतच असतात, त्या घराची मालकीण काही न बोलता जाते, आणि तिच्या मागे कोणीही जात नाही. घोषणा करणाऱ्याला निदान एक श्रोता असतो. मुकाट्याने जाणाऱ्याची रिकामी जागा कित्येकदा वर्षअखेर वर्गणीची यादी पाहतानाच लक्षात येते.

आल्सेस्तचे तसे होत नाही. जेथे प्रामाणिक राहण्याची मोकळीक असेल अशी एखादी जागा शोधावयास आपण निघालो, असे सांगून तो जातो. तो खरोखर गेला की नाही, हे नाटक सांगत नाही. शेवटचे शब्द फिलिंतचे आहेत. नुकतेच त्याचे लग्न ठरले आहे, आनंद करण्याचा त्याचा हक्क आहे. पण तो आपल्या वधूला म्हणतो की चला, याचा हा बेत मोडण्यासाठी होईल ते सारे करू. पहिल्या अंकाचा शेवटही असाच आहे. माझ्या मागे येऊ नकोस, असे आल्सेस्त ओरडतो आणि फिलिंत त्याच्या मागे जातो. एवढ्या काळात फिलिंतला आपल्या मित्राचे सारे दोष कळून चुकलेले आहेत. हा माणूस अडवले जाण्याची वाट पाहत असतो, हेही त्याला ठाऊक असावे. तरी तो जातो.

फिलिंतला पुष्कळांनी नावे ठेवलेली आहेत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९० मध्ये, फाब्र द’एग्लांतीनने या नाटकाचा उत्तरभाग लिहिला. त्यात आल्सेस्तला नायक आणि फिलिंतला स्वार्थी ठरविले. फिलिंत तडजोडवादी आहे हे खरेच. वाईट कवितेला तो चांगली म्हणतो. पण मोलियरच्या नाटकात मित्राच्या मागे दोन वेळा चालत जाणारा तोच एकटा आहे. आणि आल्सेस्तचे बहुतेक आरोप खरे आहेत, हेही विसरून चालणार नाही. कविता वाईटच होती. त्याचा प्रतिपक्षी लबाडच होता. सेलिमेनच्या पत्रांनी तर त्या दिवाणखान्याविषयी तो बोलला होता ते सारे सिद्ध केले. असा माणूस निघून गेला तर मागे उरतात ते सरदार, आणि त्यांना खरे सांगणारा कोणी राहत नाही.

आपली परप्रांतातील मंडळे मूठभर माणसांची असतात. त्यांतला एखादा आल्सेस्त लांबलचक निवेदन वाचून उठला की मागे हशा पिकतो, आणि त्या हशात निवेदनातील खरा मुद्दाही वाहून जातो. तो दाराशी क्षणभर थांबलेला असतो तेव्हाच, हशा ओसरण्याची वाट न पाहता, कोणीतरी उठून त्याच्यापर्यंत चालत गेले पाहिजे.