‘साठवणे’ की ‘नोंदवणे’? : एका क्रियापदाची चिकित्सा

प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक अध्यापनात ‘यादीत वस्तू साठवणे’ हा शब्दप्रयोग इतका रूढ आहे की त्याची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. चल म्हणजे डबा, यादी म्हणजे डब्यांची ओळ आणि वस्तू म्हणजे त्यांतील जिन्नस, हे रूपक त्याच्या पाठीशी उभे असते. रूपक सुलभ आहे. परंतु पायथॉन व जावा या भाषांतील वस्तूंच्या बाबतीत ते खरे नाही, आणि त्याची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते.

एक परिचित उदाहरण घ्यावे. ४० विद्यार्थ्यांची माहिती एका यादीत आणावयाची आहे. प्रोग्रॅम लिहिणारा आवर्तनापूर्वी एकच विद्यार्थी-वस्तू निर्माण करतो. प्रत्येक फेरीत तिच्यातील नाव व गुण बदलतो आणि ती यादीच्या शेवटी जोडतो. अखेरीस यादीची लांबी ४० भरते, पण प्रत्येक स्थानी शेवटचाच विद्यार्थी आढळतो. डब्याच्या रूपकाने याचा उलगडा होत नाही. कारण डब्यात भरून ठेवलेला जिन्नस बाहेरून बदलत नसतो. वस्तुतः यादीत वस्तू गेलीच नव्हती. गेला तो तिचा निर्देश, आणि तोही ४० वेळा एकाच वस्तूचा. ही ४० माणसे नव्हेत. एकाच माणसाची ४० ‘उर्फ’ होत. दर फेरीस नवी वस्तू निर्माण केली की दोष नाहीसा होतो.

येथे मराठी नामच मार्गदर्शक ठरते. ‘यादी’ या शब्दाचे नाते फारसी ‘याद’, म्हणजे स्मरण, या शब्दाशी आहे. निमंत्रितांच्या यादीत निमंत्रित बसलेले नसतात. एकाच गृहस्थाचा उल्लेख दोन याद्यांत असला आणि ते आजारी पडले, तर दोन्ही याद्यांतील गृहस्थ आजारी असतात. म्हणजे दोष नामाचा नसून क्रियापदाचा आहे. धान्य साठवतात, माणसे यादीत नोंदवतात. यादीची वरवरची प्रत काढूनही आतील वस्तू सामायिकच राहतात, हेही यावरून उमगते : प्रत नोंदींची झाली, माणसांची नव्हे.

तथापि नोंदीचे रूपकही एका मर्यादेपलीकडे ताणता येत नाही. कागदावरील यादीत नाव लिहिलेले असते; प्रोग्रॅममधील यादीत नाव नसते, निर्देश असतो. ‘अ’ नावाची वस्तू यादीत नोंदवून नंतर तेच नाव दुसऱ्या वस्तूस दिले, तर यादी पहिल्या वस्तूकडेच बोट दाखवीत राहते. उलट, त्या पहिल्या वस्तूच्या अंतरंगात बदल केला तर तो यादीतूनही दिसतो. नामांतर आणि रूपांतर यांतील हा भेद स्पष्ट झाल्यावाचून विषय समजला असे म्हणता येत नाही.

नाम आणि निर्दिष्ट यांचा विचार भाषाचिंतनाला नवा नाही. पहाटेचा तारा व सायंकाळचा तारा हे दोन्ही शुक्रच, या उदाहरणाने गोट्लोब फ्रेगे यांनी १८९२ मध्ये अर्थ व निर्देश वेगळे केले. परंतु तेथील प्रश्न ज्ञानाचा आहे : दोन नावांची वस्तू एकच, हे जाणणाऱ्यास ठाऊक आहे काय? प्रोग्रॅममधील प्रश्न बदलाचा आहे. वस्तू अपरिवर्तनीय असेल तर तिचे उर्फ सहसा निरुपद्रवी ठरतात. ती बदलू लागली की ते जाचू लागतात. क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी १९६७ च्या कोपनहेगन येथील व्याख्यानांत स्थान आणि मूल्य यांच्या भेदावर भर दिला, तो याच कारणाने महत्त्वाचा होय.

‘साठवणे’ हे क्रियापद सर्वत्र त्याज्य आहे असे मात्र नव्हे. सी प्लस प्लसच्या व्हेक्टरमध्ये एखादी वस्तू नेहमीच्या रीतीने जोडली तर तिची स्वतंत्र प्रत आत राहते. तेथे हे क्रियापद यथार्थ आहे. म्हणून अध्यापकाने परिभाषा भाषेगणिक तपासून घ्यावी. क्रियापद चुकले की विद्यार्थ्याचे तर्कशास्त्र बिनचूक असूनही त्याचा निष्कर्ष चुकतो.